बोसिरेच्या नावची नाडी

टेबलावर पालथा ठेवलेला मोबाइल थरथरला. बैठक चालू असताना उघड उघड बघणं बरं नव्हे म्हणून बोसिरेनं तो मांडीवर घेऊन बघितला. तुम्ही स्वस्थ बसलेले असताना तुमच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत आहेत, असं त्यावर लिहिलं होतं. आठवड्यात तिसऱ्यांदा असं आढळलं आहे, डॉक्टरांना दाखवून घ्या. हात आपोआप टायमागे गेला, शर्टाच्या दोन गुंड्यांच्या मध्ये, आणि तिथं त्याला आपले ठोके लागले, घाबरून जोरात पळणारे पण एकामागून एक नीट पडणारे. पंधरा-वीस ठोके मोजून झाल्यावर त्याला आठवलं की आपल्या मनगटावर घड्याळच नाही. गेले सात महिने नाही. या घटकेला ते लॅव्हिंग्टनच्या श्रीमंत वस्तीतल्या कुठल्यातरी बंगल्याच्या फाटकाबाहेर, केळ्यांची टोपली खाली उतरवून दम खात बसलेल्या क्वांबोकाच्या मनगटावर आहे, आणि जे हृदय वेडंवाकडं पडतंय ते तिचं आहे, त्याच्या थोरल्या बहिणीचं. त्या क्षणी आपल्याला काय वाटलं ते बोसिरेनं पुढं पुष्कळदा आठवून बघितलं आणि दर वेळी त्याला स्वतःची शिसारी आली. त्याला हायसं वाटलं होतं. फार तर दोन श्वासांपुरतं, पण वाटलं होतं.

समोर गाथोनी बोलत होती. गाथोनी म्हणजे कंपनीत माणसांच्या रजा, नेमणुका आणि आता तब्येती सांभाळणारी बाई. कुठल्या विभागानं किती पावलं चालून दाखवली त्याचा तक्ता भिंतीवर पडला होता आणि चहा-लिलावाच्या कागदपत्रांचा विभाग, म्हणजे बोसिरेचा विभाग, सगळ्यांच्या वर होता. बोसिरेकडे बघून शिका, असं ती म्हणाली, तेव्हा सगळ्यांनी माना वळवून त्याच्या पोटाकडे पाहिलं. ते पोट काही चालून कमावलेलं नव्हतं. पण आकडे आकडे असतात. दीड वर्षापूर्वी विम्यावाल्यांनी सगळ्यांना सिमकार्ड बसवलेलं एकेक घड्याळ वाटलं होतं: रोज इतकी पावलं, बसल्या जागी नाडी इतकी, झोप इतकी, की माणूस हिरवा, थोडं कमी पडलं तर पिवळा, नाहीतर लाल. लाल माणसाच्या बायकापोरांच्या औषधपाण्याचा निम्माच भार विमा उचलणार. बोसिरे पहिल्याच महिन्यात लाल ठरला. नाडी अठ्ठ्याऐंशी, पावलं दोन हजार, तीही खुर्चीपासून चहाच्या किटलीपर्यंतची. त्याची बायको दूर गावाकडे, कीसीला शाळेत शिकवायची, दोन्ही मुली तिच्याकडे, आणि धाकटीला दमा. तिचा पंप संपत आला की बोसिरेचाच श्वास अडकायचा. हे सगळं तो स्वतःला वारंवार सांगे. ते खोटं नव्हतं, हीच त्यातली वाईट गोष्ट होती.

लबाडी करणारा तो काही एकटा नव्हता. हिशेब खात्यातल्या किप्रोनोनं आपलं घड्याळ इमारतीच्या पहारेकऱ्याला बांधलं होतं. पहारेकरी बिचारा रात्रभर आवाराला फेऱ्या मारी, दिवसा झोपे, आणि विम्यावाल्यांच्या लक्षात आलं की किप्रोनोसाहेब कचेरीच्या ऐन वेळेत रोज सहा तास गाढ झोपलेले असतात. त्याला घरी बसवलं, फसवणुकीचा शेरा मारून. त्या आठवड्यात कचेरीत दुसरा विषय नव्हता. बोसिरे सगळ्यांत मोठ्यानं हसला होता आणि घरी येऊन त्यानं क्वांबोकाला बजावलं होतं की ताई, बाहेर कुणी विचारलं तर घड्याळ बाजारात घेतलं म्हणून सांग.

ती कशाला कुणाला सांगते. तिला ते आवडलं होतं, पण पहिल्यांदा नव्हे. पहिल्यांदा तिनं नाक मुरडलं. भावाच्या कचेरीतल्या लोकांना माझ्या पावलांचं काय करायचंय, असं विचारलं. ती तशीही पहाटे कांगेमीच्या बाजारात केळी आणि अवोकाडो घ्यायची, टोपली डोक्यावर चढवायची, नदीच्या खोलगटात उतरायची, पलीकडचा चढ चढून बंगल्या-बंगल्यांची फाटकं वाजवायची आणि दुपारी परतायची. पंधरा-सोळा हजार पावलं तर सहज. नदी ओलांडताना जन्मली म्हणून आईनं क्वांबोका नाव ठेवलं आणि तेव्हापासून ही आपली चालतेच आहे, असं गावाकडची माणसं तिची थट्टा करत. बोसिरेनं तिला समजावलं होतं की यातून कचेरीतल्या लोकांना माणसाची तब्येत कळते. त्यानं म्हटलं होतं माणसाची. तिनं ऐकलं माझी. त्यानं ते दुरुस्त केलं नाही. मग तिनं घड्याळाची काच कमरेच्या कापडाच्या टोकानं पुसायला सुरुवात केली. रात्री अंगावर पांघरूण घेताना घड्याळाखालचा हिरवा उजेड दिसला की तिला बरं वाटे. शेजारणींना ती सांगे की माझ्या काळजावर मोठ्या इमारतीतल्या शिकलेल्या माणसांचं लक्ष असतं. आयुष्यात आपलं कुणी काही मोजतंय याचाच तिला अपूर्वाईचा आनंद होता. तिचं वजन शेवटचं कधी केलं होतं ते तिलाही आठवत नव्हतं. ती चहाच्या मळ्यात पानं खुडायची तेव्हा वजन करायचे ते पाठीवरच्या टोपलीचं.

त्याच मळ्यातल्या टोपलीवर बोसिरे शाळा शिकला. आता सातव्या मजल्यावर तो ज्या चहाचे कागद तपासतो, त्यात तिचे हात कुठंच दिसत नाहीत. नुसते गट क्रमांक असतात. बैठक संपली तरी तो तिथंच बसून राहिला आणि त्याला एकाएकी स्वेटरचा वास आला, धूर आणि ओली चहाची पानं यांचा मिसळलेला. तो सहा वर्षांचा होता, हिवतापानं फणफणला होता, आणि ती असेल चौदा-पंधराची. आईला मळ्यातून सुट्टी मिळेना, तेव्हा तिनं त्याला पाठीशी बांधून मिशनच्या दवाखान्यापर्यंत नेलं होतं, दोन टेकड्या ओलांडून. पाऊस भुरभुरत होता. त्याचा कान तिच्या पाठीला चिकटला होता आणि आतून धप धप धप असा आवाज येत होता. नुकतंच शंभरपर्यंत मोजायला शिकल्यामुळं तो मोजायला लागला. शंभर झाले की पुन्हा एकपासून. चढावर भरभर, उतारावर सावकाश, पण ठोका एकदाही चुकला नाही. जोवर हे चाललंय तोवर आपण मरत नाही, असं त्याला तापात स्पष्ट वाटलं होतं. आता मोबाइलवर त्याच आवाजाची एक रेघ होती, खाली त्याचं स्वतःचं नाव, वय, उंची. रेघ मध्येच थांबत होती, मध्येच दोन ठोके एकदम घाईत टाकत होती.

संध्याकाळी तो लवकर घरी गेला. ती मक्याच्या पिठाची उगाली घोटत होती आणि घोटता घोटता थांबून चुलीच्या कट्ट्याला टेकत होती. हे टेकणं नवं होतं की आपण आजच बघितलं, हे त्याला ठरवता येईना. त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं की बरं वाटतंय ना. ती म्हणाली, चढ हल्ली वाढलाय. मग स्वतःच हसली.

"छातीत कधी कधी कोंबडी फडफडल्यासारखं होतं," ती म्हणाली. "पण ते वयाचं असेल."

"दवाखान्यात दाखवून यायचं का?"

"कशाला? दिवसभर रांगेत बसायचं, केळी काळी पडायची. काही असतं तर तुझ्या ऑफिसातल्या लोकांनी सांगितलं नसतं का तुला?"

तोवर दोघं जेवायला बसली होती, आणि बोसिरेनं मोठा घास तोंडात घातला. तोंडात घास होता म्हणून गप्प बसलो, असं म्हणायला जागा होती. तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं की मग ते लोक डॉक्टर का पाठवत नाहीत, आणि त्याला म्हणावं लागलं असतं की ताई, त्या लोकांना तू आहेस हेच माहीत नाही. तू त्यांच्या लेखी मी आहेस. बहिणी विम्यात बसत नाहीत. बायको बसते, मुलं बसतात. उगालीचा गोळा करून तो भाजीत बुडवत राहिला आणि भाजी संपली तरी बुडवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विम्यावाल्यांकडून एका परिचारिकेचा फोन आला. गोड आवाजाची बाई होती. आमच्याकडे तुमच्या हृदयाची सूचना आली आहे, गुरुवारची वेळ घेतली आहे, सगळा भार आमच्याकडे. त्याला वाटलं, नको म्हणावं. पण नको म्हणणाऱ्या माणसाकडे संशयानं बघतात, आणि किप्रोनोची रिकामी खुर्ची अजून तशीच होती. त्यानं हो म्हटलं. मग बुधवारभर तो अशा एका विचाराशी खेळत राहिला की गुरुवारी तिलाच घेऊन जावं. दारात अडवतील, ओळखपत्र बघतील, त्यावर दाढीवाल्या पुरुषाचा फोटो. विचार तिथंच संपे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

गुरुवारी त्याच्या छातीवर थंडगार चिकट टिकल्या लावल्या, वायरी जोडल्या, त्याला फिरत्या पट्ट्यावर चालवलं, वर दिवसभर छातीला बांधून फिरायचं एक यंत्र दिलं. शुक्रवारी हृदयाच्या डॉक्टरीणबाई त्याचे कागद चाळत होत्या. मुथेउ त्यांचं नाव. पन्नाशीच्या, थकलेल्या, पण चेहऱ्यावर हसू असलेल्या.

"तुमच्या घड्याळापेक्षा तुमचं हृदय पुष्कळ बरं आहे," त्या म्हणाल्या. "पोट कमी करा. बाकी काही नाही."

मग घड्याळ खोटं बोलतं का, असं त्यानं विचारलं. बाईंना हा प्रश्न आवडला असावा, कारण त्यांनी पेन खाली ठेवलं. ते मनगटावर उजेड पाडतं आणि आतलं रक्त कसं उसळतं यावरून अंदाज बांधतं, त्या म्हणाल्या. पट्टा ढिला असला, हात हलला, घाम आला, की फसतं. किती चाललात ते बरं सांगतं, बसल्या जागची नाडी बरी सांगतं, किती उष्मांक जळले ते तर निव्वळ मनाचं सांगतं. काही लोक आकडा बघून धावत येतात आणि त्यांना काही नसतं; काही लोकांचा आकडा छान असतो आणि ते इथं झोळीतून येतात. पण ठोके बेताल पडताहेत असं ते पुन्हा पुन्हा, माणूस स्वस्थ असताना सांगत असेल, तर मात्र तपासायलाच हवं. त्यानं दार वाजवलं असं समजायचं. दार कुणी उघडून बघायचं ते माणसानं.

"आपण उघडून बघितलं," त्या म्हणाल्या. "आत कुणी नव्हतं."

"आणि समजा, डॉक्टर, दार दुसऱ्याच कुणाचं असलं तर?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी खोकत होतं. बोसिरेच्या ओठांवर सगळं आलं होतं, बहीण, टोपली, चढ, कोंबडीची फडफड. बाई वाट बघत होत्या, आणि त्यांच्या नजरेत रागाचं नावही नव्हतं. पण त्यांच्या हाताखालच्या कागदावर विम्याचं चिन्ह होतं. बोसिरे हसला आणि म्हणाला, काही नाही, गंमत. बाईंनी अहवालावर सही केली: तपासणी झाली, सूचना चुकीची, काळजीचं कारण नाही.

आणि खरं सांगायचं तर त्याचा जीव भांड्यात पडला. याबद्दलच तो स्वतःला पुढं कधी माफ करू शकला नाही. डोक्याला ठाऊक होतं की तपासलं गेलं ते आपलं हृदय, पण शरीराला ते कळेना. मोठ्या इस्पितळात, मोठ्या बाईंनी, शिक्का मारून सांगितलं होतं की काळजीचं कारण नाही, आणि ते वाक्य ऐकायला तो इतका भुकेलेला होता की कुणाबद्दलचं आहे ते न बघता त्यानं ते गिळलं. घड्याळं चुकतात, त्याच म्हणाल्या. तिचा पट्टा ढिलाच असतो. घाम तर असतोच. बसमध्ये खिडकीशी बसून त्यानं असे सात-आठ पुरावे गोळा केले आणि घरी पोचेपर्यंत त्यांची चांगली मोळी बांधली. क्वांबोका दारात पाय पसरून उरलेली केळी निवडत होती.

"ऑफिसातल्या लोकांना तुझ्या ठोक्यांत काहीतरी दिसलं होतं," तो म्हणाला. "डॉक्टरांना दाखवलं त्यांनी. काही नाही म्हणाले."

तिनं हातातलं केळं खाली ठेवलं.

"माझं दाखवलं?"

"हो."

"मोठ्या डॉक्टरांना?"

"मोठ्या."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला ती उगाच रागावली, की एवढा खटाटोप सांगितला होता कुणी, मला काय धाड भरलीय. त्या रात्री तिनं त्याच्या ताटात मोठा मासा वाढला आणि शेपटीचा तुकडा स्वतः घेतला. दुसऱ्या दिवशी शेजारणींना सगळं कळलं. मग तिनं छातीची फडफड मनावर घेणं सोडलं. चढावर थांबावं लागलं तर ती थांबे आणि पुन्हा निघे, कारण मोठ्या डॉक्टरांनी काही नाही म्हटलं होतं. पायांना सूज आली तेव्हा तिनं मिठाच्या पाण्यात पाय बुडवले. बोसिरेनं सूज पाहिली. खूप चालतेस, एवढंच म्हणाला, आणि म्हणताना त्याच्या मनात येऊन गेलं की ती कमी चालली तर आपण पिवळे होऊ.

सूचना येतच राहिल्या. आठवड्यातून दोनदा, मग रोज. मोबाइल थरथरला की त्याचा हात छातीवर जाऊ लागला. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तो स्वतःची नाडी मोजू लागला, आणि ती सुतासारखी सरळ लागे तसा त्याला जास्त घाम फुटे. एकदा त्यानं ठरवलं की तिला सरकारी दवाखान्यात न्यायचंच, पैसे आपल्या खिशातून, नाव तिचं. त्या शनिवारी मुलीचा दमा उसळला आणि तो कीसीला गेला. पुढच्या शनिवारी पाऊस होता. पाऊस होता हे कारण त्यानं स्वतःला खरंच दिलं. मग एका दुपारी, साहेबांसमोर उभा असताना मोबाइल तीनदा थरथरला, तेव्हा त्यानं जागेवर परत येऊन त्या सूचना बंद करून टाकल्या. तपासणी झालेली आहे का, असं मोबाइलनं विचारलं. त्यानं हो वर बोट ठेवलं. त्यानंतर त्याला फक्त पावलं दिसू लागली.

त्या मंगळवारी अकरा वाजता त्यानं पावलं बघितली तर एक हजार एकशे चाळीस. साडेअकराला तितकीच. महिनाअखेर होती, गाथोनीच्या तक्त्यात दुसरा विभाग जवळ येऊन ठेपला होता, आणि बोसिरेला राग आला. आज बाईसाहेब गप्पा मारत बसल्या वाटतं, असं तो मनात म्हणाला. बाराला त्यानं तिला फोन लावला, का बसलीस म्हणून विचारायला. फोन दुसऱ्याच बाईनं उचलला. नदीकडे उतरतानाच पडल्या, ती म्हणाली, टोपली आधी गेली आणि मग त्या. तोंड एका बाजूला गेलंय. आम्ही कुणाच्या तरी गाडीत घालून सरकारी इस्पितळात आणलंय. तुम्ही कोण त्यांचे?

भाऊ, तो म्हणाला.

वॉर्डात दुपारची भेटीची वेळ होती. एका खाटेवर दोघी अशा ओळीत क्वांबोकाला एकटीची खाट मिळाली होती आणि त्यावरूनच बोसिरेला काय ते समजलं. डावं अंग गेलं होतं. तरुण डॉक्टरनं त्याला खिडकीशी नेऊन सांगितलं की हृदय बेताल चालतं तेव्हा आत रक्ताची गुठळी धरते आणि तीच वर डोक्यात गेली आहे. अजून एखादी जाऊ शकते, या एक-दोन दिवसांत. मग त्यानं विचारलं की ठोके कधीपासून असे पडताहेत, आधी कधी कुणाच्या लक्षात आलं होतं का. बोसिरेच्या खिशात अकरा आठवडे होते. दिवसवार, तासवार, रेघेसकट.

"नाही," तो म्हणाला.

डॉक्टरनं लिहून घेतलं. आधी कळलं असतं तर साधी रक्त पातळ करायची गोळी असते, कुठल्याही दवाखान्यात मिळते, असं तो जाता जाता म्हणाला. त्यात दोष देण्याचा सूर नव्हता; तो दिवसाला दहा जणांना हेच सांगत असावा. परिचारिकेनं बोसिरेच्या हातात तिच्या वस्तू दिल्या: चपला, डोक्याची चुंबळ, घड्याळ. घड्याळ त्यानं पटकन खिशात टाकलं.

क्वांबोका त्याला शोधत होती. तो उजव्या बाजूला गेला तेव्हा तिला दिसला. तिचा चांगला हात उठला, त्याच्या बाहीला लागला आणि मग पांघरुणावर चाचपडत डाव्या मनगटाकडे गेला. तिथं काही नव्हतं.

"घड्याळ," ती म्हणाली. शब्द अर्ध्याच तोंडातून येत होता. "काढलं त्यांनी. आता... कळणार कसं?"

"कुणाला, ताई?"

"तुझ्या ऑफिसातल्या लोकांना."

त्यानं खिशातून घड्याळ काढलं. तिचा डावा हात उचलला, तो ओल्या कपड्यासारखा जड होता, आणि त्यानं पट्टा बांधला. ढिला नाही, घट्ट बांधला. खाली हिरवा उजेड लागला. मोबाइल खिशात गप्प होता. तसं त्यानंच करून ठेवलं होतं.

"दिसलं असेल त्यांना?"

"दिसलं," तो म्हणाला. "मघाशीच दिसलं."

"मग येतील ते. मोठे डॉक्टर."

"निघालेत."

तिच्या चेहऱ्याची चांगली बाजू सैलावली. तिनं मान वळेल तेवढी वळवली आणि वॉर्डाच्या दाराकडे डोळे लावले. दार सारखं उघडत होतं. कुणी डबा घेऊन येई, कुणी रडत बाहेर जाई, चहाची गाडी ढकलत एक बाई आली. दर वेळी ती डोकं उशीवरून थोडं उचली आणि पुन्हा खाली टेकवी. बोसिरेही दाराकडेच बघत राहिला, कारण तिच्याकडे बघणं त्याला जमेना.